भिंतीत उघडलेला इजिप्त: व्हेनिसच्या पालात्सो लाबियातील एका दालनाचे प्रकरण

व्हेनिस शहरात कान्नारेजोचा कालवा ग्रँड कॅनॉलला जिथे येऊन मिळतो, त्या कोपऱ्याजवळ सान जेरेमिया चर्चला खेटून पालात्सो लाबिया हा वाडा उभा आहे. या वाड्याच्या आत दोन मजल्यांइतक्या उंचीचे एक दालन आहे. ते नाचगाण्याच्या बैठकींसाठी आणि मेजवान्यांसाठी बांधलेले होते. सुमारे १७४६-४७ मध्ये या दालनाच्या भिंती आणि छत जिओवान्नी बात्तिस्ता तिएपोलो आणि जिरोलामो मेंगोत्सी कोलोन्ना या दोघांनी मिळून रंगवले. समोरासमोरच्या दोन भिंतींवर इजिप्तची राणी क्लिओपात्रा आणि रोमन सेनापती मार्क अँटनी यांच्या कथेतील दोन प्रसंग आहेत: एकावर त्या दोघांची भेट आणि दुसऱ्यावर ती प्रसिद्ध मेजवानी, जिच्यात राणीने मोती विरघळवून प्यायला अशी आख्यायिका आहे. बाकी सर्व जागा खांब, कमानी, कठडे, कोनाडे आणि पायऱ्या यांनी भरलेली आहे, आणि त्यातला फार मोठा भाग दगडाचा नसून रंगाचा आहे.

अठराव्या शतकातील इटालियन चित्रकलेत प्राचीन आख्यायिका आणि कल्पनेने उभारलेली प्राचीन वास्तू यांची जोडी वारंवार भेटते. अशा चित्रांतील इमारतींना आपण सहसा ‘पार्श्वभूमी’ म्हणून पुढे जातो. माणसे म्हणजे विषय आणि खांब म्हणजे सजावट, अशी वाटणी आपल्या मनात आधीच झालेली असते. पालात्सो लाबियाच्या प्रकरणात ही वाटणी टिकत नाही, आणि म्हणूनच ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. इथे कथा घडते ती वास्तूमुळे, आणि ज्याने ती वास्तू रंगवली त्याचे नाव मात्र आज कलेच्या जाणकारांबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

यजमान घराणे

लाबिया हे व्हेनिसचे जुने उमराव घराणे नव्हते. कॅटलोनियातून आलेले हे व्यापारी लोक, आणि त्यांना सरदारकी मिळाली ती पैशाच्या बळावर. १६४५ मध्ये तुर्कांशी क्रीट बेटासाठी युद्ध जुंपले, ते १६६९ पर्यंत चालले, आणि व्हेनिसच्या प्रजासत्ताकाची तिजोरी त्यात रिकामी होऊ लागली. तेव्हा शासनाने कित्येक पिढ्या बंद ठेवलेली उमरावांची यादी पैसा मोजणाऱ्यांसाठी उघडली. प्रवेशाचा सर्वसाधारण दर एक लाख ड्युकॅट (व्हेनिसचे नाणे) होता, त्यांतील काही रक्कम देणगी म्हणून आणि काही कर्ज म्हणून द्यायची. १६४६ मध्ये लाबियांचे नाव त्या यादीत चढले. अशा घराण्यांकडे जुन्या उमरावांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल, हे वेगळे सांगायला नको.

या घराण्याविषयी व्हेनिसमध्ये एक दंतकथा सांगितली जाते. मेजवानी आटोपली की यजमान सोन्याची ताटे खिडकीतून कालव्यात फेकत असे आणि आपल्या आडनावावर कोटी करून म्हणत असे की, असो वा नसो, मी लाबियाच राहीन. पाण्याखाली आधीच जाळी पसरून ठेवलेली असत आणि रात्री ताटे परत वर काढली जात, असाही या कथेला एक पुरवणीचा भाग आहे. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिचा गाभा क्लिओपात्राच्या मोत्याच्या गोष्टीशी जुळतो. संपत्ती वापरून दाखवण्यापेक्षा नष्ट करून दाखवली की समोरचा गप्प होतो, हा दोन्हींचा आशय आहे. तिएपोलोच्या काळात मारिया लाबिया ही या घराण्यातील स्त्री तिच्या जडजवाहिरासाठी प्रसिद्ध होती आणि परदेशी प्रवासी ते दागिने पाहायला येत असत. ज्या घरात जवाहिर हीच ओळख होती, तिथे मोत्याची कथा भिंतीवर यावी यात योगायोग फार थोडा आहे असे मला वाटते.

प्लिनीने सांगितलेली पैज

मोत्याची कथा आपल्यापर्यंत मुख्यतः रोमन लेखक थोरल्या प्लिनीच्या निसर्गविषयक कोशग्रंथातून आली आहे. हा प्लिनी इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला, म्हणजे क्लिओपात्राच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी तो लिहीत होता. त्याने ही गोष्ट राजकारणाच्या संदर्भात सांगितलेली नाही. ती त्याच्या ग्रंथात शिंपले आणि मोती यांच्या माहितीमध्ये येते आणि तिचा सूर तक्रारीचा आहे.

प्लिनी सांगतो की, जगातील आजवरचे सर्वांत मोठे दोन मोती क्लिओपात्राकडे होते आणि पूर्वेच्या राजांच्या हातांतून ते तिच्यापर्यंत आले होते. अँटनी रोज पक्वान्नांवर ताव मारत होता. ते पाहून राणी त्याला म्हणाली की, मी एका बैठकीत एक कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खर्चून दाखवते. अँटनीने हे अशक्य मानले आणि पैज लागली. निवाडा करायला लुकियस प्लँकस हा रोमन अधिकारी नेमला गेला. दुसऱ्या दिवशी जेवण झाले, ते थाटाचे होते पण रोजच्यासारखेच, आणि अँटनी हसू लागला. तेव्हा राणीच्या आज्ञेवरून तिच्यासमोर एकच भांडे आणून ठेवण्यात आले. त्यात तीव्र शिरका होता. तिने कानातला एक मोती काढला, त्यात टाकला आणि तो विरघळल्यावर पिऊन टाकला. दुसऱ्या कानातल्या मोत्याला तिने हात घातला, तोच प्लँकसने तिला थांबवले आणि अँटनी हरल्याचा निवाडा दिला.

मोती हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लात तो विरघळतो हे खरे आहे. मात्र साध्या शिरक्यात अख्खा मोठा मोती एका बैठकीत नाहीसा होत नाही, त्याला पुष्कळ वेळ लागतो. चित्रकारांना याची फिकीर करण्याचे कारण नव्हते. त्यांच्या दृष्टीने कथेतील एक क्षण सोन्याचा होता: मोती चिमटीत आहे, पेला समोर आहे, आणि जमलेल्या सर्वांना आता काय होणार हे कळून चुकले आहे.

प्लिनीच्या या तक्रारीत आपल्या बाजूचा समुद्रही येतो. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दर वर्षी रोमन साम्राज्याचे दहा कोटी सेस्टर्स काढून नेतात, असा हिशेब त्याने मोत्यांच्या आणि सुगंधी द्रव्यांच्या संदर्भात मांडला आहे, आणि एकट्या भारताच्या नावावर त्याने पाच कोटी घातले आहेत. त्याच शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत कल्याण आणि सोपारा या आपल्या कोकणच्या बंदरांची नावे येतात. प्लिनी ज्या व्यापाराला नावे ठेवत होता त्याच्या पूर्वेकडील टोकांपैकी ही दोन होती.

कथेचा शेवटचा दुवा वास्तूशी जोडलेला आहे. उरलेला मोती राणीच्या मृत्यूनंतर रोमनांच्या हाती आला, तो दोन भागांत कापला गेला आणि रोममधील पँथिऑन या देवळात व्हीनस देवीच्या मूर्तीच्या दोन कानांत बसवला गेला, असे प्लिनी लिहितो. ते पँथिऑन रोमन सम्राट ऑगस्टसचा सहकारी अग्रिपा याने बांधलेले होते. आज उभे असलेले त्यानंतरचे आहे. तरीही अठराव्या शतकातील इटालियन वाचकाच्या मनात ही कथा अशा रीतीने एका खऱ्या इमारतीपाशी, कोणीही जाऊन पाहू शकेल अशा घुमटाखाली येऊन थांबत असे.

दोन चितारी आणि एक ओली भिंत

तिएपोलोचा जन्म १६९६ मध्ये व्हेनिसमध्ये झाला. मेंगोत्सी कोलोन्ना मूळचा फेर्राराचा आणि वयाने त्याच्याहून थोडा मोठा. दोघांची जोडी १७२० च्या दशकात उदिने शहरातील धर्मगुरूंच्या प्रासादात जमली आणि पुढे तीस-चाळीस वर्षे ती पुन्हा पुन्हा एकत्र आली. मेंगोत्सी कोलोन्नाचे कसब वेगळ्या जातीचे होते. भिंतीवर आणि छतावर रंगाने खोटी वास्तू उभारण्याच्या या कसबाला इटालियन भाषेत ‘क्वाद्रातुरा’ म्हणतात आणि ते करणाऱ्याला ‘क्वाद्रातुरिस्ता’. बोलोन्या हे या विद्येचे माहेरघर होते. १६९० च्या दशकात जेझुइट पंथाच्या आंद्रेआ पोत्सो याने रोममधील सांत-इन्यात्सियो चर्चच्या छतावर उघडे आकाश रंगवले आणि त्याच सुमारास चित्रकारांसाठी यथादर्शनावरचा, म्हणजे सपाट पृष्ठावर खोली दाखवण्याच्या शास्त्रावरचा, आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामुळे ही विद्या आखणीच्या नियमांसह सर्वत्र पोचली. या क्षेत्रातले पुष्कळ कारागीर रंगभूमीचे पडदेही रंगवत, आणि मेंगोत्सी कोलोन्नाही त्यांतलाच होता. हे लक्षात ठेवले की लाबियाच्या दालनाला नाटकाच्या रंगमंचाची जी कळा आहे तिचा उगम समजतो.

काम कसे चालत असे हे पाहिल्याशिवाय या दालनाचे मोल कळत नाही. ओल्या गिलाव्यावर चित्र काढायचे म्हणजे वेळेशी झुंज असते. भिंतीला आधी चुन्याचा जाड थर देतात. त्यावर बारीक गिलावा लावतात, पण तो फक्त एका दिवसात रंगवून होईल तेवढाच. चुना सुकत असताना हवेशी संयोग पावून दगडासारखा होतो आणि पाण्यात कालवलेला रंग त्याच्या पोटात कायमचा धरला जातो. एकदा सुकला की त्यावर मागाहून काढलेली रेघ तितकी टिकत नाही. माणसाच्या चेहऱ्यासाठी एक दिवसाचा तुकडा पुरतो. परंतु वीस हात उंच खांबाची कड वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या तुकड्यांतून एकसरळ खाली यायला हवी, नाहीतर सगळा भास कोसळतो. म्हणून वास्तू रंगवणारा कारागीर भिंतीवर एक बिंदू ठरवतो, तिथे खिळा ठोकतो, त्याला दोरी बांधतो आणि ती ताणून ओल्या गिलाव्यावर दाबतो किंवा टोच्याने रेघ कोरतो. खोलीच्या आत जाणाऱ्या सर्व रेषा, म्हणजे पायऱ्यांच्या बाजू, कठड्याचे काठ, कमानीच्या आतल्या कडा, या दोरीच्या धाकात राहतात.

त्या बिंदूला आणखी एक अट असते. दोरी ज्या बिंदूकडे धावते तो पाहणाऱ्याच्या डोळ्याशी बांधलेला असतो, म्हणजे चित्रकाराला आधीच ठरवावे लागते की पाहुणा दालनात कुठे उभा राहील. त्या ठिकाणाहून खांब ताठ दिसतात आणि पायऱ्या चढण्याजोग्या वाटतात. तिथून सरकत एका टोकाला गेलात तर हेच खांब कलू लागतात. क्वाद्रातुरा ही या अर्थाने निमंत्रणाची कला आहे, कारण पाहुण्याची जागा तिच्या हिशेबात आधीच धरलेली असते.

या रचलेल्या चौकटीत मग तिएपोलो माणसे बसवतो. माणसांची उंची रंगवलेल्या फरशीला आणि पायरीला मापून घ्यावी लागते, त्यांच्या सावल्या रंगवलेल्या खांबांच्या सावल्यांच्या दिशेनेच पडाव्या लागतात, आणि जिथे एखादा माणूस खांबाच्या पुढे येतो तिथे दोन हातांचे काम एकाच गिलाव्यावर मिळावे लागते. कोणाचा हात कुठे संपतो हे या भिंतींवर सहजी दाखवता येत नाही, आणि माझ्या मते हेच या जोडीचे सर्वांत मोठे यश आहे.

मेजवानीची भिंत जवळून

मेजवानीच्या भिंतीपाशी उभे राहिल्यावर नजर सर्वांत आधी वरच्या दृश्याकडे जात नाही, ती खाली पायऱ्यांवर पडते. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिथूनच जणू चार-दोन पायऱ्या वर चढतात आणि त्यांच्या शेवटी मेज मांडलेले आहे. पायऱ्यांवर एक ठेंगू सेवक आपल्याकडे पाठ करून वर चालला आहे. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. पाठ करून वर चढणारी ही एक आकृती आपल्यासाठी वाट काढून देते, कारण तो जातो त्या दिशेने आपलेही डोळे चढतात आणि नकळत आपण मेजापाशी जाऊन पोचतो. चित्रातल्या माणसाचे तोंड आपल्याकडे असते तर तो आपल्याला अडवतो, पाठ असली की तो आपल्याला सोबत घेतो. नाटकाच्या मंचावर काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक असते.

वर मेजाला अँटनी शिरस्त्राण घालून बसला आहे, त्याच्यासमोर क्लिओपात्रा आहे आणि मेजापलीकडे निवाडा करणारा प्लँकस. राणीच्या चिमटीत मोती आहे. तो इतका लहान आहे की दालनाच्या मध्यावरून तो शोधावा लागतो, आणि तरीही सगळ्या भिंतीचा भार त्या एका पांढऱ्या ठिपक्यावर येऊन ठरतो. राणीच्या अंगावर इजिप्ती वस्त्र नाही. तिचा पोशाख सोळाव्या शतकातील व्हेनिसच्या श्रीमंत स्त्रीचा आहे, जड जरीच्या कापडाचा, मानेमागे उभी कॉलर असलेला. वर सज्जात वादक बसले आहेत. हा सज्जा रंगवलेला असला तरी तो दालनातील खऱ्या उंचीवर, जिथे खरे वादक बसवता आले असते तिथेच येतो. कमानीतून मागे उघडे आकाश आणि त्यात चढत गेलेला एक ओबेलिस्क, म्हणजे टोकदार इजिप्ती दगडी स्तंभ, दिसतो. सगळ्या चित्रात ‘हा इजिप्त आहे’ असे ठामपणे सांगणारी जवळजवळ ती एकच खूण आहे.

डाव्या कडेला उभ्या असलेल्या दोन माणसांत तिएपोलोने स्वतःचा आणि मेंगोत्सी कोलोन्नाचा चेहरा रंगवला आहे असे परंपरेने मानले जाते.

आता दारांकडे पाहावे लागते. मधल्या दृश्याच्या दोन्ही अंगांना दारे आहेत, आणि दालनातली खरी दारे रंगवलेल्या वास्तूच्या आराखड्यात अशी गुंफली आहेत की दगडाची चौकट कुठे संपली आणि रंगाची कुठे सुरू झाली हे क्षणभर कळत नाही. याचा परिणाम सूक्ष्म आहे. पाहुणा खऱ्या दारातून आत येतो तेव्हा तो क्लिओपात्राच्याच वाड्याच्या दारातून आत आलेला असतो. दालनात खरीखुरी मेजवानी चालू असेल तेव्हा खाली लाबियांचे मेज आणि वर राणीचे मेज, खाली लाबियांचे वादक आणि वर राणीचे वादक, असा एकच समारंभ दोन पायऱ्यांवर चालला असेल. मारिया लाबियाच्या गळ्यातील मोती आणि राणीच्या चिमटीतील मोती एकाच मेणबत्त्यांच्या उजेडात चमकले असतील. नव्याने उमराव झालेल्या घराण्याला पूर्वजांच्या तसबिरींची उणीव भासते, आणि इथे त्या उणिवेच्या जागी राणी स्वतः येऊन बसते.

समोरच्या भिंतीवरील भेटीचा प्रसंग मी थोडक्यात सांगतो. प्राचीन चरित्रकार प्लूटार्कच्या वर्णनानुसार क्लिओपात्रा सोनेरी गलबतातून, जांभळी शिडे उभारून सिडनस नदीतून अँटनीला भेटायला तार्सस नगरीत आली. चित्रात गलबत मागे आहे आणि दोघे हातात हात घेऊन पुढे येत आहेत. ती आत्ताच उतरली की निघायच्या बेतात आहे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. छतावर ग्रीक पुराणातला वीर बेलेरोफॉन पंखांच्या पेगॅसस घोड्यावरून कीर्तीकडे उडतो आहे, आणि तिथेही कडेने रंगवलेले कठडे आहेत. तो भाग देखणा आहे, पण त्यात कथेपेक्षा घराण्याची स्तुती अधिक आहे.

इजिप्त इतका व्हेनिससारखा का

या दालनावर घेतला जाणारा आक्षेप जुना आहे: ही वास्तू इजिप्तची नाही, अलेक्झांड्रियाची नाही, प्राचीन रोमची तर मुळीच नाही. हे खरे आहे. चित्रातल्या कमानी आणि सज्जे सोळाव्या शतकातील व्हेनिसच्या श्रीमंत वास्तुशैलीतून आलेले आहेत, आणि त्याहीपेक्षा थेट ते पाओलो व्हेरोनेझेच्या चित्रांतून आले आहेत. व्हेरोनेझेने १५६३ मध्ये सान जोर्जो मज्जोरेच्या मठातील भोजनगृहासाठी बायबलमधील काना गावच्या लग्नाचे प्रचंड चित्र पूर्ण केले होते आणि १५७३ मध्ये लेवीच्या घरच्या मेजवानीचे. दोन्हींत पुढे मेज, वर सज्जे, दोन्ही अंगांना खांब आणि मागे आकाश अशी मांडणी आहे. तिएपोलोच्या काळात ही दोन्ही चित्रे व्हेनिसमध्येच होती आणि त्याला दुसरा व्हेरोनेझे म्हणून ओळखले जात होते. म्हणजे प्राचीन इजिप्त रंगवताना दोघा चितार्‍यांनी आपल्याच शहराचा, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा वैभवाचा काळ समोर ठेवला. अठराव्या शतकातील व्हेनिसचा दर्यावर्दी दबदबा ओसरला होता, आणि त्या शहराच्या माणसाला ‘प्राचीन वैभव’ म्हटल्यावर व्हेरोनेझेचे खांब आठवावेत हे अगदी समजण्यासारखे आहे.

त्यांना पुरातत्त्वाची खबर नव्हती असे मात्र नाही. याच मेजवानीचा प्रसंग तिएपोलोने थोडा आधी, १७४३-४४ मध्ये, सुमारे अडीच मीटर उंच आणि साडेतीन मीटर रुंद कॅनव्हासवर रंगवला होता. ते चित्र फ्रांचेस्को अल्गारोत्ती या व्हेनिसच्या विद्वानाच्या मध्यस्थीने सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस याच्यासाठी घेतले गेले. अल्गारोत्ती चित्रात विद्वत्ता दिसावी अशा आग्रहाचा माणूस होता, आणि त्या चित्रात इजिप्ती देवतांच्या मूर्ती वास्तूमध्ये बसवलेल्या आढळतात. ते चित्र पुढे रशियाच्या राजघराण्याकडे गेले, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत शासनाने ते विकले आणि आज ते ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. त्याची आणि लाबियाच्या भिंतीची तुलना करताना मला दिसते ते असे: कॅनव्हासवर वास्तू मागे उभी राहते आणि विद्वत्तेचे पुरावे देते, तर भिंतीवर ती पाहणाऱ्याच्या भोवती येते आणि तिला पुरावे देण्याची गरज उरत नाही.

ज्या वर्षांत हे काम चालले होते त्याच वर्षांत खरी प्राचीन वास्तू इटलीच्या जमिनीतून वर येत होती. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या रोमन नगरांपैकी हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये सुरू झाले होते आणि पॉम्पेईचे १७४८ मध्ये सुरू झाले. व्हेनिसच्याच मुलखात जन्मलेला पिरानेझी १७४३ मध्ये रोममध्ये आपला कल्पित प्राचीन वास्तूंच्या कोरीव चित्रांचा पहिला संग्रह प्रसिद्ध करून चुकला होता. पुढच्या वीस वर्षांत रसिकांची अभिरुची बदलली आणि प्राचीन खांबाची प्रत्यक्ष मापे घेणाऱ्यांचा काळ आला. त्या काळाच्या फुटपट्टीने लाबियाचे दालन चुकीचे ठरते. पण ही फुटपट्टी इथे लावणे मला न्यायाचे वाटत नाही. मेंगोत्सी कोलोन्ना अचूकतेला कमी लेखणारा नव्हता, त्याची अचूकता वेगळ्या ठिकाणी होती. खिळ्याला बांधलेल्या दोरीच्या टोकाला ती होती, आणि तिथे एका बोटाचीही चूक त्याला चालली नसती.

याच जोडीने साधारण दहा वर्षांनी, १७५७ मध्ये, विचेन्त्साजवळच्या व्हिला वाल्माराना इथे इफिजेनिया या ग्रीक राजकन्येच्या बळीची कथा रंगवली, तेव्हा ही युक्ती आणखी पुढे गेली. तिथे रंगवलेल्या मंडपाचे खांब दालनाच्या भिंतींवरून फिरतात, एका भिंतीवर बळीची वेदी आहे, समोरच्या भिंतीवर वाऱ्याची वाट पाहणारे ग्रीकांचे आरमार आहे, आणि छतावरून डायाना देवी इफिजेनियाच्या बदल्यात हरिणी धाडते. कथेचे धागे दालनाच्या मोकळ्या हवेतून, पाहणाऱ्याच्या डोक्यावरून जातात. लाबियाच्या दारांचा अनुभव पाठीशी नसता तर हे सुचले असते असे मला वाटत नाही.

पुढे काय झाले

१७६२ मध्ये तिएपोलो स्पेनला गेला आणि १७७० मध्ये माद्रिदमध्ये वारला. अरान्हुएझच्या चर्चसाठी त्याने केलेली वेदीचित्रे त्याच्या पश्चात उतरवून नव्या अभिरुचीची चित्रे तिथे लावली गेली. लाबियाच्या वाड्याचे दिवसही फिरले. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक संपवले. घराण्याची रया गेली, वाडा हातोहात विकला गेला आणि एकोणिसाव्या शतकात त्यात गरीब भाडेकरूंची दाटी झाली. राणीच्या मेजासमोर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले जात होते असे सांगतात.

जवळच्या स्काल्त्सी चर्चचे नशीब याहून वाईट. तिथेही याच दोघांनी १७४३ ते १७४५ या काळात छत रंगवले होते, लोरेतोच्या पवित्र घराचे (देवदूतांनी उचलून आणलेले मेरीचे घर), आणि त्यातही वास्तू मेंगोत्सी कोलोन्नाची होती. ऑक्टोबर १९१५ मध्ये ऑस्ट्रियन विमानांच्या बॉम्बने ते छत नष्ट झाले. आता उरले आहेत ते तुकडे, जुनी छायाचित्रे आणि तिएपोलोची कच्ची चित्रे. लाबियाचे दालन वाचले, पण १९४५ मध्ये जवळच्या पाण्यात दारूगोळ्याने भरलेल्या बोटीचा स्फोट झाला आणि त्याच्या हादऱ्याने भिंतींवरील चित्रांना इजा झाली.

१९४८ मध्ये कार्लोस दे बेस्तेगी या धनाढ्य माणसाने वाडा विकत घेतला, चित्रांची डागडुजी करवली आणि ३ सप्टेंबर १९५१ रोजी तिथे वेषांतराचा मोठा समारंभ भरवला. लेडी डायना कूपर या इंग्रज स्त्रीने त्या रात्री भिंतीवरच्या क्लिओपात्राचा वेष घेतला होता, जोडीला अँटनीही होता. दोनशे वर्षांपूर्वी दोन चितार्‍यांनी ज्या पाहुण्यांचा हिशेब धरून दोरी ताणली होती, त्यांच्या जागी त्या रात्री राणीच उभी होती. त्या समारंभाच्या उधळपट्टीवर तेव्हा टीका झाली आणि ती गैर होती असे मी म्हणणार नाही, कारण युरोप तेव्हा युद्धातून नुकताच सावरत होता. परंतु दालन वापरात आल्यावर भिंतीवरची वास्तू काय करते, हे पुष्कळ वर्षांनंतर त्या रात्री पुन्हा दिसले. १९६४ मध्ये वाडा इटलीच्या राय या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेकडे गेला आणि तिचे व्हेनिसमधील कार्यालय तिथे आले.

दालनाच्या मध्यावर उभे राहून हे सर्व पाहिल्यावर मी कडेच्या त्या दोन चेहऱ्यांकडे पुन्हा पाहतो. मेजापाशी बसलेल्यांचे सगळे लक्ष मोत्याकडे आहे. हे दोघे मात्र मेजापासून जरा बाजूला, आपणच उभारलेल्या खांबांशेजारी उभे आहेत, आणि परंपरा खरी असेल तर त्यांतला एक तो आहे ज्याच्या दोरीवर हे खांब ताठ उभे आहेत.